उणे साठ

जुलै उजाडला की सोलापूर जिल्ह्यातला माणूस आपल्या आभाळाकडे फारसा बघत नाही. तो विचारतो, "दौंडला किती?" एसटीत, टपरीवर, बँकेच्या रांगेत हा एकच प्रश्न. दौंडला किती म्हणजे दौंडच्या पुलाखालून भीमा किती क्युसेकने, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, उजनी धरणात येते आहे. सोलापुरात वर्षाला पडून पडून साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यावर उजनी भरणं शक्यच नाही. उजनी भरते ती मावळ, मुळशी, वेल्हे, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरांतल्या पावसाने. वरची धरणं भरायची, त्यांनी दारं उघडायची, पुण्यात बंडगार्डनच्या पुलाचा आकडा वाढायचा, मग दौंडचा, आणि मग आमचा. आपल्या गावात ढग नसताना लोक एकमेकांना पेढे देतात, तेही मी पाहिलेलं आहे.

मी जन्माने सोलापूरची आणि राहायला पुण्यात, त्यामुळे या साखळीच्या दोन्ही टोकांना माझी माणसं आहेत. सकाळी मामेभावाचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो: पाणीपातळी, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी, दौंड विसर्ग (म्हणजे तिथून येणारं पाणी). खाली नमस्काराचे हात. पावसाळ्यात हा निरोप रोज येतो, हिवाळ्यात विरळ होतो आणि मार्चनंतर पुन्हा रोजचा होतो. फक्त तेव्हा आकड्याच्या आधी एक आडवी रेघ असते.

उणे टक्के पाणी म्हणजे काय, हे पुण्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना समजावताना माझी दमछाक होते. त्यांना वाटतं, शून्य म्हणजे धरण कोरडं. उजनीचा हिशेब निराळा आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात शंभर टक्के भरल्यावर ११७ टीएमसी पाणी असतं. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरच्या वर. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चौघांचं मिळून २९च्या आसपास भरतं, म्हणजे ही चारही धरणं उजनीत ओतली तर तिचा चतुर्थांश भरेल. पण या ११७ पैकी ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरलेलं आहे. वापरायचं म्हणून जे ठरवलं, ते वरचं ५३.५७ टीएमसी. टक्के मोजायचे ते या वरच्या थराचे. तो थर संपला की शून्य, आणि त्याच्याही खाली हात घातला की उणे. उलट पावसाळा जोरात असेल तर धरण शंभरावर थांबत नाही, १११ टक्क्यांपर्यंत नेतात. तेव्हा एकूण साठा १२३ टीएमसी होतो.

मृतसाठा ही धरणाची तळाची शिल्लक. गाळासाठी, माशांसाठी, अगदीच अडचणीच्या वर्षी पिण्यासाठी. निदान कागदावर तरी तसंच. आमच्याकडे मात्र उणे होणं ही आता बातमी उरलेली नाही. किती उणे, एवढीच बातमी. साठा शून्याखाली गेलेला असताना कालव्याला शेतीचं आवर्तन सुरू राहिल्याचं मी पाहिलं आहे, आणि त्यावर कोणी आश्चर्य केल्याचं मला आठवत नाही. एखाद्या घरात मुदतठेव मोडून किराणा भरायला लागले की पहिल्या वर्षी रडारड होते, तिसऱ्या वर्षी तो महिन्याचा खर्च होऊन बसतो.

२०२३चा पावसाळा वाईट गेला. उजनी कशीबशी साठ टक्क्यांपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. जानेवारी २०२४ संपायच्या आत ती उण्यात गेली. जूनमध्ये जवळपास उणे साठ. अधिक साठ ते उणे साठ हा प्रवास मी एकदा कागदावर मांडला. १२० टक्के, म्हणजे ६४ टीएमसी. जितकं पाणी 'वापरायचं' म्हणून ठरलेलं आहे, त्याहून साडेदहा टीएमसीच्या वर जास्त, आणि तेही ज्या वर्षी धरण भरलंच नाही त्या वर्षी. यातलं काही उन्हाने नेलं. एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यावर सोलापूरचा एप्रिल-मे तापतो तेव्हा उन्हाचा वाटा लहान नसतो. उरलेलं मात्र माणसांनी नेलं.

या धरणाचा आकार ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या काठावरच्यांचे हाल कळत नाहीत. उजनी खोल नाही. शून्य टक्क्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर आणि शंभर टक्क्यांची ४९६.८३. म्हणजे ते अख्खं ५३ टीएमसी पाणी सहा मीटरसुद्धा नसलेल्या उंचीत पसरलेलं आहे. चार माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली की संपलं. असं उथळ, पसरट पाणी एक मीटर उतरलं की काठ नुसता खाली जात नाही, लांब जातो. भिंतीजवळ उभ्या असलेल्या अभियंत्याला जो एक मीटर दिसतो, तो वर करमाळ्याच्या नाहीतर इंदापूरच्या शेतकऱ्याला पावलांनी चालून मोजावा लागतो.

माझा मामा करमाळा तालुक्यात बॅकवॉटरच्या काठाला आहे. आजोबांची काळी जमीन धरणात गेली, पुनर्वसनात मिळाली ती वरच्या अंगाला, मुरमाड. ज्यांची जमीन बुडाली त्यांनाच पुढे त्या पाण्यावर मोटार बसवायला परवानग्या काढाव्या लागल्या, हा इतिहास मामा दर भेटीत एकदा सांगतो. जानेवारीनंतर त्याची खरी कामं सुरू होतात. पाणी खाली गेलं की मोटार आत घ्यायची. पाइप वाढवायचा, केबल वाढवायची, स्टार्टरची पेटी उचलून पुढे रोवायची. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पाणी फारच लांब गेलं की चार-पाच जण मिळून पोकलेन लावतात आणि गाळातून चर खणून पाणी मोटारीपर्यंत आणतात. मध्येच केबल चोरीला जाते. रात्री राखणीला माणूस ठेवावा लागतो. मोकळ्या झालेल्या गाळावर कुणी गाळपेर करतं, तिथे कलिंगड, काकडी, चाऱ्याची मका डोलत असते, आणि त्याच गाळावरून शेजारच्याचा पाइप पुढच्या पाण्याकडे गेलेला असतो.

"धरण आमचं आणि आम्हीच पाण्यामागं पळतोय," मामा म्हणाला.

"पण मामा, सगळ्यांनीच मोटारी आत घेतल्या तर पाणी अजून आत जाणार ना?"

"मग मी एकट्यानं काठाला बसून करू काय?"

याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. काठावरच्या उपशाच्या किती मोटारी आहेत याची नोंद आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे, हे त्या काठाला राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. कालव्याचं पाणी निदान दारातून सुटतं, ते मोजता येतं. धरणाला चहूबाजूंनी लागलेल्या या पाइपांना ना दार आहे ना मीटर.

आता उसाबद्दल. ऊस म्हटला की शहरातली माणसं लगेच शेतकऱ्याला वेड्यात काढतात, आणि ते मला आवडत नाही. मामाचं गणित सरळ आहे. उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे. कारखाना तोडणी-वाहतूक बघतो. पाण्याची एखादी पाळी चुकली तरी ऊस वाळतो पण मरत नाही. अवकाळी झाली, बाजार पडला, तरी ऊस उभा असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडीची भाकरी पुण्यात कौतुकाने खातात, पण ज्वारी काढायला मजूर मिळत नाही आणि भावाची खात्री कुणी देत नाही. ज्याच्या डोक्यावर पाइपलाइनचं कर्ज आहे तो ज्वारीकडे वळणार नाही. तीसहून अधिक साखर कारखाने एका जिल्ह्यात उभे राहिल्यावर शेतकऱ्याने काय लावावं हे वेगळं सांगायची गरजही उरत नाही.

तरीही हिशेब हिशेबाच्या जागी. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी ढोबळमानाने वीस हजार घनमीटर पाणी धरलं, तर एक टीएमसीत चौदाशे हेक्टर ऊस वर्षभर निघतो. सोलापूर जिल्ह्यात ऊस लाख हेक्टरच्या वर आहे. तो सगळा उजनीवर नाही. विहिरी आहेत, बोअर आहेत, नीरेचं पाणी आहे, ठिबकही वाढलं आहे. पण नुसता लाख हेक्टरांचा भागाकार करून बघा. सत्तर टीएमसीच्या पुढे आकडा जातो. उजनीचा सगळा उपयुक्त साठा आहे ५३.५७. एके काळी आठमाही सिंचनाची, म्हणजे खरीप आणि रब्बीपुरतं पाणी देऊन ते जास्तीत जास्त शिवारांत पोचवण्याची, बरीच चर्चा झाली होती. आज कालव्याच्या शेपटाला असलेल्या गावात तुम्ही 'आठमाही' म्हणालात तर लोक विचारतील, आमच्याकडे आठ दिवस तरी कुठे येतंय?

माणसाच्या वापराने नदीची पातळी कशी हलते याचा सर्वांत विचित्र नमुना मात्र शेतीत नाही, सोलापूरच्या नळात आहे. शहराला उजनीवरून जलवाहिनी आहे, पण बरीच वर्षं तिच्यावर सगळं शहर भागलं नाही. म्हणून धरणातून भीमेच्या पात्रात पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वाहत शहराच्या दक्षिणेला औजच्या बंधाऱ्यात पोचायचं, आणि तिथून टाकळीच्या पंपांनी शहरात आणायचं, अशी पद्धत पडली. बंधाऱ्यात एका खेपेला मावणारं पाणी एक टीएमसीही नाही. ते तिथे पोचवायला धरणातून पाच-सहा टीएमसी सोडावे लागतात. तापलेली वाळू आधी तिचा घोट घेते, मधले कोल्हापुरी बंधारे भरतात, आणि नदीकाठच्या मोटारी आपला वाटा उचलतात. म्हणून पाणी सोडलं की नदीकाठची वीज दिवसात काही तासांवर आणतात. भर उन्हाळ्यात भीमा खळाळून वाहते आणि काठावरचा शेतकरी बंद पडलेल्या मोटारीजवळ बसून ते पाणी जाताना बघतो. त्याला ते पाणी नको असतं असं नाही. ते त्याच्या नावावर सुटलेलं नसतं.

उन्हाळ्यात पंढरपूरला चंद्रभागेत पाणी दिसलं, तर ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी आदेशाने आलेलं असतं, वारीच्या वेळचं पाणीसुद्धा. आषाढीच्या आधी पाऊस लांबला की वारकऱ्यांना स्नानापुरतं पाणी उजनीतून सोडतात. त्यावर टीका करणारे आहेत, मी त्यांत नाही. लाखो माणसं पायी येणार असतील तर नदीत पाणी असावं. पण मग ती नदी आपल्या चालीने चालते असं म्हणणं सोडून द्यायला हवं.

पुण्याचा भाग मी टाळत होते, तो आता सांगते. माझ्या घरातलं पाणी खडकवासल्याचं. वापरून झालं की ते मुठेत जातं, पुढे मुळा-मुठा होऊन भीमेत आणि भीमेतून उजनीत. त्यातलं किती नीट शुद्ध होऊन जातं हे कळायला अहवाल लागत नाहीत, हिवाळ्यात उजनीच्या काठाला भिगवणकडे गेलात तर हिरवं पाणी आणि जलपर्णीचे ताफे दिसतील. काठावरच्या मासेमाऱ्यांच्या जाळ्यात मरळ-वाम कमी आणि चिलापी जास्त येते. हेच पाणी पुढे सोलापूर पितं. म्हणजे मी वापरलेलं पाणी माझी मावशी गाळून, उकळून पिते. तिला हे मी एकदा म्हटलं, तर ती म्हणाली, "कळतंय गं चवीनं."

याच सांडपाण्यावरून २०२१ साली रणकंदन झालं. पुण्याकडून उजनीत येणारं पाच टीएमसी सांडपाणी इंदापूरच्या योजनांना द्यायचा निर्णय झाला आणि सोलापूर पेटलं. आंदोलनं झाली, शेवटी आदेश मागे घ्यावा लागला. सोलापूर आणि इंदापूरने तिसऱ्याच शहराच्या मोरीच्या पाण्यासाठी भांडावं, याचं पुण्यात कुणाला हसू आलं असेल. मला नाही आलं. पुणं दरवर्षी वाढीव पाणी मागतं, ते मिळालं की खडकवासल्याच्या कालव्यावरचा शेतकरी ओरडतो, आणि खाली उजनीत येणाऱ्या पाण्यातला स्वच्छ भाग कमी होऊन वापरलेला वाढतो. आकडा कदाचित तोच राहतो, पण दौंडच्या विसर्गाचा निरोप पाण्याचा वास सांगत नाही.

आणि भीमा खोऱ्याच्या माथ्यावर तर पाणी उलट्या दिशेला जातं. मुळशी, ठोकरवाडी, वळवण, शिरवटा ही टाटांची धरणं या खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडतात आणि त्यावर वीज करतात. शंभर वर्षांपूर्वीची ही व्यवस्था. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रह केला तो आपल्या जमिनींसाठी. खाली पूर्वेकडच्या कुणाच्या तरी वाट्याचं पाणीही पश्चिमेला चाललं आहे, हा विचार त्या वेळी कुणाच्या गावी असण्याचं कारणच नव्हतं. मुंबईला त्यातून वीज मिळाली. आता गंमत बघा. ठोकरवाडीचं पाणी भिवपुरीला पडतं आणि उल्हास नदीला मिळतं. एरवी कोकणातली नदी मार्चमध्ये डबक्यांवर येते, पण उल्हास उन्हाळ्यातही वाहते आणि बदलापूर-कल्याणकडची शहरं तिच्यावर जगतात. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत उतरतं, आणि कोलाडला लोक भर मे महिन्यात राफ्टिंग करतात. त्या तराफ्यावर ओरडणाऱ्यांत माझ्या कार्यालयातली निम्मी मंडळी होती. त्यांच्या फोटोंखाली मी काही लिहिलं नाही. पण ते पाणी पूर्वेला वाहिलं असतं तर कुठे गेलं असतं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. एका खोऱ्यातली पातळी उतरली की दुसरीकडे कुठेतरी ती चढलेली असते, आणि चढलेल्या ठिकाणच्यांना ते निसर्गाचं देणं वाटतं.

उजनी तळाला गेली की वर्तमानपत्रांत पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचे फोटो येतात. गाळातून वर आलेलं दगडी शिखर, ड्रोनने घेतलेलं. गर्दी लोटते, भेळेच्या गाड्या लागतात. मी गेले आहे, देखणं आहे. रोहित पक्ष्यांचंही तसंच. पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडला की ते कुंभारगावला उतरतात. ज्या वर्षी धरण तुडुंब असतं त्या वर्षी त्यांना उशीर होतो आणि नावाडी चिंतेत पडतात. तेव्हा उतरत्या पाण्यावर पोट भरणारेही आहेतच. सगळ्यांचं नुकसान एकाच पातळीला होत नाही.

पण माझ्या डोक्यात बराच काळ घोळतंय ते वेगळंच. २०२४च्या त्या उणे साठचं खापर सगळ्यांनी २०२३च्या पावसावर फोडलं. ते अर्धंच खरं. २०२२ला उजनी १११ टक्के झाली होती. त्या वर्षी जुलै-ऑगस्टात आडसाली लागणी झाल्या. हा ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, तुटतो तो २०२३च्या अखेरीला किंवा २०२४च्या जानेवारीत. मग त्याच बुडख्यांना पाणी देऊन खोडवा धरतात, आणि त्या खोडव्याचा उन्हाळा म्हणजे २०२४चा उन्हाळा. धरण काठोकाठ होतं तेव्हा लावलेलं पीक साठ टक्के भरलेल्या धरणाकडे पाणी मागत होतं. कालवा सल्लागार समिती ऑक्टोबरमध्ये बसते तेव्हा साठा समोर असतो, पण मागणी तर आधीच जमिनीत रुजलेली असते. उभं पीक वाळताना बघून पाणी नाही म्हणण्याची ताकद कुठल्याच आमदारात नाही, आणि खरं सांगायचं तर मामाच्या बांधावर उभी असताना माझ्यातही नाही. नाही म्हणायचं असेल तर ते पेढे वाटले जात असताना म्हणावं लागेल.

२०२४च्या जूनमध्ये उणे साठवर असलेलं धरण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरलं. जुलैअखेरच्या ज्या पावसाने आणि विसर्गाने पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेच पाणी दोन-चार दिवसांत उजनीत पोचलं होतं. मामेभावाच्या निरोपातली आडवी रेघ गेली आणि खाली हातांच्या जोडीला फुलंही आली. मी मामाला फोन केला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. सरी सोडणं चालू होतं.

"आडसालीच का?" मी विचारलं.

"मग? धरण भरलंय की."

"आणि खोडव्याला?"

"त्याला अजून लई टाईम आहे पोरी."

ठिबकचं विचारलं. म्हणाला, निम्म्या रानाला आहे, उरलेल्याला करायचंय. मागच्या उन्हाळ्यात कोटेशनही आणून ठेवलं होतं. पण तेव्हा पैसा सगळा पाइप आणि केबल लांबवण्यात गेला, आणि आता एवढं पाणी दारात असताना त्यात पैसे घालायला मुलगा तयार नाही. कारखान्याकडे ऊस नोंद मात्र त्याच आठवड्यात करायची होती, तेवढ्यासाठी सातबाऱ्याचा उतारा ऑनलाइन काढून पाठव म्हणाला. मी पाठवला.